मुखपृष्ठावरची बाई

येसूबाईने मासळीची टोपली ओट्याखाली टेकवली आणि भगवंत सावे यांच्याकडे न बघता आधी अण्णांकडे बघितलं, तेव्हाच अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला. पालघरच्या बाजारात भल्याभल्यांची बोलती बंद करणारी ही एडवणची बाई आज गप्प उभी होती. तिच्या पोराला गोत्यात आणलं ते आपल्या जबानीने, हे अण्णांना ठाऊक होतं, आणि तिलाही ठाऊक असणार.

"माझा देवू असं करनार नाय," शेवटी ती भगवंतांना म्हणाली. "तुमी मुंबयला मोठमोठ्या लबाड्या शोधल्यात म्हनतात. ही एवडी शोधा. सोमवारी त्याला शाळंतून काढतील. अकरावीचं, म्याट्रिकचं वर्स हाय."

भगवंत सावे मुंबईत विमा कंपन्यांसाठी खोटे दावे हुडकून काढायचे. आता ते पालघरला येऊन स्वतःच्या जिवावर तेच काम करत. अंगाने काडी, तोंडात कायम लवंग, आणि बोलणं मोजकं. अण्णा त्यांचे जुने दोस्त. पोस्टातून निवृत्त झालेले, मनाने सोन्यासारखे, पण डोकं जरा बैलगाडीच्या चालीचं. घाटात तर उतरून ढकलावं लागे.

"अण्णा, झालं काय ते पहिल्यापासून सांगा," भगवंत म्हणाले.

अण्णांनी सांगितलं ते असं. बोईसरच्या सिंधुसागर हायस्कूलचं 'उधाण' नावाचं वार्षिक निघे. मुलांच्या गोष्टींतली एक मुखकथा म्हणून निवडायची, आणि मुखपृष्ठावर तिचंच चित्र छापायचं, ही तिथली रीत. निवड करताना लेखकाचं नाव झाकून गोष्टी मोठ्याने वाचत, आणि निवड समितीतला प्रत्येक जण आपल्या आवडीच्या गोष्टीच्या वाटीत एक चिंचोका टाकी. अण्णा बाहेरचे परीक्षक म्हणून त्या समितीत होते. यंदा दोन गोष्टींत चुरस लागली. एक देवूची, वादळात हरवलेल्या होडीची. दुसरी मंगळीची. मंगळी म्हणजे डोंगराकडच्या पाड्यावरून आलेली, वसतिगृहात राहणारी मुलगी. तिच्या गोष्टीत एक पोर बाईच्या घरी कामाला असते. तिला ताप भरतो, ती घरी जायला मागते, आणि बाई म्हणते, पाहुणे जेवून जाऊ देत, मग जा. संध्याकाळी ती एकटी निघते आणि सकाळी वाटेवर मेलेली सापडते.

गोष्ट संपली तेव्हा कोणी खोकलंसुद्धा नाही. तरी वाट्यांमध्ये बरोबरी झाली, आणि शेवटचा चिंचोका राहिला संपादक रत्नाबाईंचा. त्यांनी तो बराच वेळ मुठीत धरला, आणि मंगळीच्या वाटीत टाकला. देवू एका चिंचोक्याने हरला.

चित्रकलेच्या पंढरी मास्तरांनी चित्र काढून शिक्षकांच्या खोलीत लावलं. दारात पाठमोरी उभी असलेली बाई, आणि दूर वाटेने जाणारी पोर. मग त्यावरून लाकडाचा ठसा कोरला. शनिवारी शाळा सुटल्यावर तो वर्तमानपत्रात गुंडाळून अण्णांच्या पिशवीत आला, कारण छापखाना पालघरचा आणि अण्णाही पालघरचे. सोबतीला देवू होता. तो शाळेसाठी कुंभवलीला मामाकडे राही आणि शनिवारी एडवणला घरी जाई. गाडीत अण्णांचा डोळा लागला. पिशवी देवूच्या मांडीवर होती. अण्णांनी ती छापखान्यात पोचवली, आणि मंगळवारी छापून आलं ते भलतंच काही.

"मुख्याध्यापकांनी विचारलं, पिशवी कोणाच्या ताब्यात होती?" अण्णा कपाकडे बघत म्हणाले. "मी म्हटलं, मी झोपलो होतो तेव्हा देवूच्या. खरं ते सांगितलं हो मी."

येसूबाईने टोपली उचलली. जाताना तिने अण्णांना एवढंच विचारलं, की तुमाला पोरगं चोर वाटलं का? त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

छापखाना स्टेशनच्या पलीकडे होता. मालक रामकिसन उत्तरेकडचा, हात कोपरापर्यंत शाईने काळे. त्याने छापलेलं मुखपृष्ठ समोर ठेवलं आणि आधीच हात झटकले.

"साब, जो ठसा मिला वो छापा," तो म्हणाला. "पण असला ठसा मी कधी बघितला नाही. उलटा हिसाब आहे."

मुखपृष्ठ सगळं काळंकुट्ट, आणि त्यावर पांढऱ्या बारीक रेघांत चित्र उमटलेलं. रामकिसनने ठसा दाखवला. छापायच्या ठशात रेघ उभी ठेवायची आणि आजूबाजूचं लाकूड काढायचं, म्हणजे शाई रेघेला लागते. इथे रेघच खणून काढलेली होती, म्हणून शाई लागली ती बाकी सगळ्याला. पण हात मात्र कसबी होता. कुठे चिरफळी नाही, कुठे रेघ हुकलेली नाही.

भगवंतांनी शाळेतून मागवून घेतलेलं पंढरी मास्तरांचं मूळ चित्र खिशातून काढलं आणि दोन्ही शेजारी ठेवली. वाट तीच, झाडं तीच, घर तेच, डावं-उजवंही बरोबर. दारातली बाई मात्र गायब. आणि वाटेवरच्या पोरीच्या खांद्यावर चौकडीची शाल, जी मूळ चित्रात नव्हती.

अण्णांनी दोन्हीकडे दोन-तीनदा पाहिलं. "बाई कुठे गेली?"

"तेच शोधायचंय," भगवंत म्हणाले आणि लवंग चावत बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी ते दोघं बोईसरला गेले. तारापूरच्या अणुवीज केंद्राचं काम जोरात होतं, रस्त्यावर खडीचे ट्रक आणि धूळ. पंढरी मास्तर शाळेच्या मागच्या खोलीत भेटले, आणि भेटले ते फणफणतच. त्यांचं म्हणणं, त्यांना मुळात देवूची होडी काढायची होती, होडीचं कच्चं चित्रही तयार होतं. पण समितीने ठरवलं म्हणून त्यांनी दुसरं काढलं, आणि मन लावून काढलं. स्वतःच्या मेहनतीवर कोण धोंडा घालील? आणि घालायचाच असता तर असला आंधळा ठसा त्यांनी कोरला असता का? पाचवीतल्या पोराला बटाट्याचा ठसा शिकवताना ते हेच आधी सांगतात, की जे दिसायला हवं ते उभं ठेव.

देवू वर्गाबाहेर बाकावर बसला होता. सोमवारचा निकाल लागेपर्यंत त्याला वर्गात बसायची बंदी होती. उंच, काटक, मान ताठ. अण्णांना बघून तो उठून उभा राहिला, आणि त्या अदबीने अण्णा आणखीच खचले.

भगवंतांनी विचारलं ते सगळं त्याने सांगितलं. पिशवी त्याने उघडली नाही. शाल, बाई, यातलं काही त्याला ठाऊक नाही. पण शनिवारी काही वेगळं दिसलं का, या प्रश्नावर तो गप्प झाला. मग भगवंतांनी पंढरी मास्तरांकडून बटाटा आणि सुरी मागवली आणि त्याला म्हणाले, एक होडी कोर, नाक उजवीकडे. देवूने जीव ओतून कोरली, शाईत बुडवून कागदावर दाबली, आणि होडीचं नाक डावीकडे गेलं. पोराचा चेहरा पडला. त्याने लगेच दुसरा बटाटा मागितला, पण भगवंतांना तेवढं पुरे होतं.

वसतिगृहात मंगळी तांदूळ निवडत होती. ठेंगणी, सावळी, डोळ्याला डोळा देऊन बोलणारी. भगवंतांनी तिच्यापुढे छापलेलं मुखपृष्ठ ठेवलं. तिने ते हातात घेतलं आणि तिचा रंगच उतरला.

"ही शाल कुनी काढली?"

भगवंतांनी विचारलं, तुझ्या गोष्टीत शाल नाही का? ती म्हणाली, नाही. गोष्ट तिच्या थोरल्या बहिणीची, सोमीची, पण ते तिने कोणाला सांगितलं नव्हतं. मुकादमाने सोमीला बोईसरच्या कुठल्याशा बाईकडे कामाला लावलं होतं. ताप आणि पाहुण्यांचं मुकादमाने नंतर सांगितलं, पण कोण बाई, ते नाव त्याने घरी सांगितलं नाही. तिला कामाला लागून थोडेच दिवस झाले होते. ती वाटेवर सापडली तेव्हा तिच्या अंगावर अशीच चौकडीची शाल होती. आईने ती अजून ठेवली आहे.

"मी ती मुद्दाम नाय लिवली," मंगळी म्हणाली. "शाल लिवली असती तर वाचनारा म्हनला असता, बाई चांगली व्हती."

अण्णांनी त्या गोष्टीला चिंचोका टाकला होता तो गोष्ट म्हणून. ती कोणाची तरी बहीण असेल हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

शेवटी ते रत्नाबाईंकडे गेले. मराठी शिकवणाऱ्या, चाळिशीच्या, शाळेत त्यांच्या शब्दाला मान. नवरा अणुकेंद्राच्या कामावर सुपरवायझर, साहेब लोकांची घरी ऊठबस. अण्णांना त्यांच्याविषयी फार आदर. ओटीवरच्या झोपाळ्याकडे बघून तर त्यांना शनिवारच्या बोंबलाच्या कालवणाची आठवण झाली. गाडीला वेळ होता म्हणून बाईंनी त्यांना आग्रहाने जेवायला घातलं होतं, आणि पोटभर जेवून अण्णा याच झोपाळ्यावर लवंडले होते. देवू त्यांना घ्यायला आला, मागच्या अंगणात पाय धुवून ओटीवर आला, तेव्हा कुठे उठले. हे सगळं त्यांनी बाईंना आताही सांगितलं, आणि असं जेवण पुन्हा मिळायचं नाही, हेही.

रत्नाबाई हसल्या नाहीत. देवूविषयी विचारल्यावर म्हणाल्या, की मुलगा गुणी आहे, त्याला काढू नये असं त्यांनी मुख्याध्यापकांना दोनदा सांगितलंय. त्यांचे डोळे जागरणाने सुजले होते. चहाचा कप पुढे करताना त्यांच्या गळ्यातल्या माळेचे मणी खाली लोंबले. प्रत्येक मण्यावर बारीक कमळ. भगवंतांनी कारागिरीची तारीफ केली तेव्हा त्या पहिल्यांदा जरा मोकळ्या झाल्या. माहेर चिंचणीचं. वडील सोनारांसाठी दागिन्यांचे साचे कोरायचे, हा साचाही त्यांचाच. सोन्याचा पत्रा साच्यावर ठोकायचा, की नक्षी उठते. साच्यात जेवढं खोल, तेवढं अंगावर उठून दिसतं, असं ते म्हणायचे.

बाहेर पडल्यावर भगवंतांनी नवी लवंग तोंडात टाकली. मग म्हणाले, "अण्णा, सोमवारी सगळ्यांना मुख्याध्यापकांच्या खोलीत बोलवा. येसूबाईलाही."

सोमवारी सकाळी खोली भरली. मुख्याध्यापक टेबलाशी, पंढरी मास्तर खिडकीपाशी, रत्नाबाई खुर्चीवर, देवू आणि येसूबाई भिंतीला टेकून, मंगळी कोपऱ्यात. अण्णा दाराजवळ उभे राहिले. त्यांना बसवेना.

"आधी एक साधी गोष्ट," भगवंतांनी सुरुवात केली. "हरलेल्या पोराला सूड घ्यायचा असता तर त्याने ठसा गाडीतून बाहेर फेकला असता. इथे कोणीतरी नवा ठसा कोरलाय, तोही कित्येक दिवस बसून. म्हणजे त्याला मंगळीची गोष्ट बुडवायची नव्हती. ती छापून यावी, चित्रासकट यावी, अशीच त्याची इच्छा होती. नको होती ती फक्त दारातली बाई."

मुख्याध्यापकांनी देवूकडे पाहिलं आणि नजर वळवली.

"आता हात कोणाचा? चित्र डावं-उजवं बरोबर छापलं गेलं, म्हणजे कोरणाऱ्याला उलटं कोरायची सवय होती. देवूला ती नाही, त्याची होडी भलतीकडेच निघाली. तो सोंग करतोय म्हणाल, तर चूक झाल्यावर दुसरा बटाटा मागणारं सोंग मी बघितलेलं नाही. बरं, पंढरी मास्तर आणि रामकिसन, दोघांना ठाऊक आहे की ठशात रेघ उभी ठेवतात. या माणसाने ती खणली. उलटं कोरायची सवय पक्की, पण खोल कोरायची सवयही तेवढीच पक्की. असं कोण कोरतं?"

"सोनाराचा साचा," पंढरी मास्तर पुटपुटले. आणि त्यांनी नजर खिडकीबाहेर वळवली, कारण रत्नाबाईंचं माहेर त्यांनाही माहीत होतं.

"पण पिशवी तर..." मुख्याध्यापक म्हणाले.

"अण्णा," भगवंत वळले, "शनिवारी तुम्ही किती वेळा झोपलात?"

"एकदाच. गाडीत."

"आणि झोपाळ्यावर?"

"ती काय झोप? ती वामकुक्षी," अण्णा म्हणाले, आणि बोलता बोलताच त्यांच्या ध्यानात आलं. मास्तरीणबाईंच्या घरी, त्यांच्या हातचं जेवून, त्यांच्याच ओटीवर डोळे मिटणं याला ते पिशवी सोडणं म्हणत नव्हते. तसा विचारच त्यांच्या डोक्यात शिरला नव्हता. भरल्या घरावर संशय घ्यायला जीभ रेटली नाही, आणि कोळ्याच्या पोरावर मात्र लगेच रेटली.

"राहिली शाल," भगवंत हळू आवाजात म्हणाले. "ती गोष्टीत नाही, मास्तरांच्या चित्रात नाही. ती माहीत होती सोमीच्या घरच्यांना, आणि जिने दिली तिला. त्या बाईने चित्रातून स्वतःला काढलं आणि शाल घातली. आपण अगदीच तशा नव्हतो, एवढं तरी कुठेतरी दिसावं म्हणून."

कोणी रत्नाबाईंकडे बघितलं नाही. त्या स्वतःच बोलल्या.

"गोष्ट वाचताना तिसऱ्या ओळीला ओळखलं मी. हातातला चिंचोका दुसऱ्या वाटीत टाकला असता तर सगळं तिथेच मिटलं असतं. नाही टाकता आला. सगळ्यांत चांगली गोष्ट तीच होती." त्या थांबल्या. "मग ते चित्र भिंतीवर लागलं. रोज खोलीत शिरलं की मी पाठमोरी दारात उभी. मास्तरांना बाई पुसून टाका म्हटलं असतं तर त्यांनी का म्हणून विचारलं असतं. लहानपणी वडिलांच्या शेजारी बसून कोरायचे, हाताला तेवढंच येत होतं. वाटलं, कोणाला कळणारसुद्धा नाही. आणि ते काळं छापून आलं."

त्यांनी आपल्या पिशवीतून मूळ ठसा काढून टेबलावर ठेवला. चुलीत घालायला हात उठला नाही, म्हणाल्या. मग त्या देवूसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

भगवंतांनी देवूला विचारलं, "तू शनिवारी अण्णांना घ्यायला गेलास. पाय धुवायला मागच्या अंगणात गेलास. काय दिसलं?"

"बाई पुडकं बांधत व्हत्या," देवू म्हणाला.

येसूबाई त्याच्यावर खेकसली, की मग तोंडात काय मीठ धरलं होतंस? वर्ष चाललं होतं तुझं पाण्यात.

देवूने खाली बघितलं. "मी कसं सांगू? बाईंनी मला लिवायला शिकवलं. मला वाटलं, त्याच सांगतील. शाळा भरायच्या वेळी बाई माझ्या बाकाजवळनं जायच्या. मी रोज म्हनायचो, आज सांगतील."

रत्नाबाई तिथेच खाली बसल्या. येसूबाई काहीतरी जहाल बोलणार होती, पण त्यांच्याकडे बघून तिने ते गिळलं. अण्णांनी टेबलावरची आपली लेखी जबानी उचलून फाडली, देवूचे दोन्ही हात धरले आणि माझं चुकलं रे, असं सगळ्यांसमोर म्हणाले. म्हातारा माणूस माफी मागतोय हे बघून पोरगा जास्तच अवघडला. मुख्याध्यापकांनी त्याला ताबडतोब वर्गात पाठवलं.

मुखपृष्ठ पुन्हा छापायचं ठरलं. कुठला ठसा, ते मंगळीने सांगावं, असं मुख्याध्यापक म्हणाले. मंगळीने मूळ ठशाकडे बोट केलं, आणि मग रत्नाबाईंकडे वळली.

"छापा नायतर नका छापू," ती म्हणाली. "पन बाईंनी आमच्या पाड्यावर यावं. आय अजून विचारते, शेवटाला तिच्याजवळ कोन व्हतं. मला सांगता येत नाय."

पुढच्या रविवारी रत्नाबाई गेल्या. एकटीने जाववेना, म्हणून अण्णांना सोबत नेलं. अण्णा नाही म्हणाले नाहीत. आपलाही त्यात वाटा आहे असं त्यांना वाटे, कसला ते नीट सांगता आलं नसतं.

मंगळीच्या आईने, लाडकीने, अंगणात गोणपाट अंथरलं. रत्नाबाईंनी आपण कोण ते सांगितलं, ताप सांगितला, पाहुणे सांगितले, शाल सांगितली. लाडकीने सगळं मुकाट ऐकून घेतलं. तिने ना शिवी दिली ना डोळ्यांना पदर लावला. तिने फक्त एकच विचारलं.

"पोरगी जेवून निघाली व्हती का?"

अण्णांनी रत्नाबाईंकडे पाहिलं. हो म्हणायला कोणाची आडकाठी नव्हती. ती जेवली होती की नाही, हे सांगणारं दुसरं कोणी नव्हतं, आणि एका 'हो'ने या माउलीला थोडं तरी बरं वाटलं असतं. अण्णांनाच ते हो ऐकायची घाई झाली होती.

"नाही," रत्नाबाई म्हणाल्या. "पाहुणे जेवायचे होते."

लाडकीने गोणपाटाचं दुमडलेलं टोक सरळ केलं. मग ती उठली, आत गेली, आणि पाहुणीसाठी पाण्याचा तांब्या घेऊन आली.